रेचा बदलला, फिटरनं काय करावं?

रेचा म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र, आणि असे रेचे चालतात तो कारखाना म्हणजे जिनिंग. वणीकडच्या एका जिनिंगमध्ये काम करणाऱ्या फिटर भावानं विचारलं आहे:

‘काका, माझं वय 34. आयटीआय फिटर. एकाच जिनिंगमध्ये 11 सीझन काढले. यंदा मालकानं नवीन रेचे, ऑटो फीडर आणि स्क्रीनवाला पॅनल बसवला. पॅनलसाठी नागपूरहून डिप्लोमावाला पोरगा आणला, 23 वर्षांचा. त्याचा पगार माझ्यापेक्षा चार हजारांनी जास्त. मले कोणी काढलं नाही, पण आता मले कोणी विचारतही नाही. पाच एकर कोरडवाहू आहे, दोन लेकरं शाळेत. लहान भाऊ चाकणला कंपनीत आहे, तो म्हणते इकडं ये. एक एजंट आफ्रिकेत पाठवतो म्हणते, दीड लाख मागते. काय करू?’

भाऊ, तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘मले कोणी विचारतही नाही.’ चार हजारांपेक्षा हे मनाला जास्त लागतं. 2004 च्या सीझनला मीही तिथंच उभा होतो, म्हणून सांगतो.

मी 1993 ला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये तेल टाकणारा पोरगा म्हणून लागलो. चार वर्षांत फिटर झालो, मग 18 रेच्यांचा मुख्य फिटर. तेव्हा गंजीतला कापूस बाया टोपल्यांनी डोक्यावर आणून रेच्यात टाकायच्या. केंद्र सरकारनं 2000 ला कापूस तंत्रज्ञान अभियान आणलं, त्यातून जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळायला लागलं. आमच्या मालकानंही घेतलं. एका उन्हाळ्यात कापूस ओढणारे पाइप आले, कन्व्हेअर आला, प्री-क्लिनर आला आणि भिंतीला पॅनल लागला. टोपल्यावाल्या चाळीसेक बायांतल्या डझनभर राहिल्या. मी राहिलो. पण पॅनलला हात लावायचा नाही असं मी मनाशी ठरवलं. ते इलेक्ट्रिशियनचं काम आहे, माझं काम रोलर आणि सुरी, असं मी सगळ्यांना सांगायचो (रेच्यात रोलर रुई ओढतो, सुरी सरकी अडवते). दोन सीझन असे गेले. तिसऱ्या सीझनला माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराला मालकानं इन्चार्ज केलं. मी रागानं पुण्याकडं गेलो, आठ महिने एका कंपनीत ठेकेदाराचा हेल्पर म्हणून काढले आणि परत आलो.

तो पोरगा माझ्यापेक्षा चांगला फिटर नव्हता. पण मालकानं रात्री अकराला फोन केला की ‘कोणतं मशीन का बंद पडलं’ हे तो सांगू शकायचा, मी ‘पाहतो’ म्हणायचो. मालक पैसे त्या उत्तराचे देत होता. तुझ्या जिनिंगमधल्या चार हजारांचा फरकही बहुतेक तिथलाच आहे. तो पोरगा आकड्यात बोलतो, तू हातानं जाणतोस, आणि तुझं जाणणं मालकापर्यंत पोचत नाही.

हे आपल्या धंद्यात काही पहिल्यांदा होत नाही. नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, सव्वाशे वर्षं तिच्या भोंग्यावर अर्धं शहर उठायचं. आज त्या जागेवर मॉल आहे. 1972 ला राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली, तेव्हा बाजारातल्या जुन्या ग्रेडरचं आणि दलालाचं काम बदललं. ती योजना मोडली, तेव्हा पुन्हा बदललं. 2002 ला बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच आपल्या रेच्यावर येणाऱ्या मालाची जातच बदलली. आता बघ, 2025 च्या हंगामात सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर शेतकऱ्याला ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. रुईच्या गाठीवर क्यूआर कोड येतो आहे, ‘कस्तुरी कॉटन भारत’सारख्या कार्यक्रमात गाठ कुठल्या जिनिंगची ते शेवटपर्यंत शोधता येतं. म्हणजे तू लावलेल्या रोलरचा परिणाम आता सूतगिरणीत बसलेला माणूस तुझ्या जिनिंगच्या नावानं वाचणार. पूर्वी वाईट गाठ दहा जिनिंगच्या गाठीत मिसळून जायची. आता मिसळणार नाही. चांगल्या फिटरसाठी ही गोष्ट चांगली आहे, असं मी मनापासून मानतो.

आता कामाचं बोलतो. सगळ्यात आधी शंभर पानी वही घे. मोबाइलमध्ये नको, वहीच. डाव्या पानावर तुझ्या हाताचा अंदाज लिहायचा, उजव्या पानावर मशीनचा आकडा.

कापसाची ओल तू मुठीत दाबून सांगतोस. सरकी दाताखाली फोडून पाहतोस, कडकन वाजली तर कोरडी, दबली तर ओली. चांगलं आहे. ट्रॉली आली की आधी तुझा अंदाज लिही, ‘10 टक्के’. मग मीटर लाव आणि शेजारी तो आकडा लिही. सीसीआय 8 टक्क्यांवर पूर्ण भाव देते, त्यावर 12 टक्क्यांपर्यंत भाव कापून घेते, हे तुला ठाऊक आहेच. 30-40 ट्रॉल्यांत तुला कळेल की तुझा हात कुठं चुकतो. माझा हात सकाळच्या मालात चुकायचा. दवाचा वरचा थर ओला असतो आणि आत कापूस कोरडा असतो, मी वरून दाबून जास्त सांगायचो. मीटरही चुकतं बरं का. एकाच जागी टोचलं, गच्च भरलेल्या मालात टोचलं की भलतंच दाखवतं. कुठं टोचायचं हे ज्याला कळतं त्याच्याच मीटरला किंमत आहे, आणि ते तुला कळतं.

तसंच रेच्याचं. रोलर आणि सुरीचा दाब तू आवाजावरून ओळखतोस. त्या वेळी पॅनलवर त्या मोटारीचे अँपिअर किती आहेत ते बघ आणि लिही. रोलरला चरे (खाचा) पाडल्यावर पहिल्या दिवशी किती, आठव्या दिवशी किती, पंधराव्या दिवशी किती. सरकीवर रुई राहायला लागली तो दिवस लिही. बीटर (सरकी झाडणारा भाग) कधी बदलला, का बदलला. रेचा बंद किती मिनिटं होता, कशानं. एवढंच. साहित्य लिहायचं नाही, रोज दहा ओळी.

उताऱ्याचा, म्हणजे कापसातून किती टक्के रुई निघाली याचा हिशोब तर नक्की मांड, कारण मालकाला त्याचीच भाषा लवकर कळते. रोज 500 क्विंटल कापूस ओढणारी जिनिंग धर. नीट न लावलेल्या रेच्यामुळं सरकीवर रुई राहून उतारा अर्ध्या टक्क्यानं पडला, तर दिवसाला 250 किलो रुई गेली. गाठ 170 किलोची. म्हणजे रोज जवळपास दीड गाठ सरकीसोबत तेलघाणीत चालली. हे तू तोंडानं सांगितलं तर ‘फिटर बोलतेच’ म्हणून सोडून देतील. तारीखवार वही समोर ठेवली तर कोणी सोडत नाही.

माझ्याकडं अशा 14 वह्या आहेत. पहिली 2007 ची, अक्षर फार वाईट. त्या वहीनं मला मॅनेजर केलं, शिक्षण तर तुझ्यापेक्षा कमीच होतं.

त्या पोराविषयी. मी 2016 ला एका नव्या प्लांटमध्ये होतो, तिथंही असाच एक डिप्लोमावाला होता. एका रात्री दीडच्या सुमारास मला सात नंबरच्या रेच्याजवळ चामडं तापल्याचा वास आला. मी तिकडं धावलो, तेवढ्यात तोही केबिनमधून धावत आला, ‘सर, सातचा लोड वाढतोय’. दोघं एकाच वेळी पोचलो. रोलर सुरीवर जास्त दाबला गेला होता. दहा मिनिटं उशीर झाला असता तर रुईनं पेट घेतला असता, आणि जिनिंगमधली आग काय असते हे तुला सांगायची गरज नाही. त्या रात्रीपासून आम्ही ठरवलं: त्यानं मला रोज एक स्क्रीन समजावायची, मी त्याला रोज एक रेचा उघडून दाखवायचा. अडीच महिन्यांत मी मोटार ट्रिप झाल्याचं कारण स्क्रीनवरून वाचायला लागलो. तो सरकीकडं बघून सुरी उलटायची वेळ सांगायला लागला.

आपल्याकडं जुने मिस्त्री हातातली कला लपवतात. चरे पाडताना पोरांना चहा आणायला पाठवतात. मला शिकवणाऱ्यानंही तेच केलं, आणि तो म्हातारा झाल्यावर त्याला कोणी बोलावलं नाही, कारण त्याला काय येतं हे कोणाला माहीतच नव्हतं. लपवलेल्या कलेला बाजारात गिऱ्हाईक नसतं. तू त्या पोराला शिकव. उद्या तो दुसऱ्या प्लांटवर गेला आणि तिथं रेचा अडला, तर त्याला पहिलं तुझं नाव आठवेल. मला आजही वर्षाला चार-पाच कामं अशाच पोरांकडून येतात. आणि तू शिकवत असताना त्याला शिकवायलाही लाव. 34 व्या वर्षी 23 च्या पोराला ‘हे काय असते रे?’ विचारायला जीभ अडते, हे मान्य. पहिल्या आठवड्यात अडते, मग नाही अडत.

स्क्रीनवरची इंग्रजी अडवत असेल तर अलार्म आला की आधी फोटो काढ. भाषांतराचं ॲप कामचलाऊ अर्थ देतं. तो अर्थ त्या पोराकडून किंवा कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून तपासून घे आणि वहीत मराठीत लिही. एका पॅनलवर रोज येणारे अलार्म मोजके असतात, वीस-पंचवीस. तेवढे पाठ झाले की निम्मी भीती जाते. एक मात्र बजावून सांगतो, पॅनलचं दार उघडून आतल्या वायरला हात लावायचा नाही. तुझा फिटरचा ट्रेड आहे, वायरमनचा परवाना नाही. बघणं, वाचणं, कारण ओळखणं हे तुझं. वीज त्याची.

आता जी गोष्ट आपण सगळे शाप समजतो, ती म्हणजे सीझन संपणं. दसरा-दिवाळीला सुरू, एप्रिलच्या आसपास बंद. मग नव्या सीझनआधी ओव्हरहॉलिंगचे, म्हणजे यंत्रं खोलून दुरुस्त करायचे दीड-दोन महिने, आणि उरलेल्या दिवसांत शेती, लग्नं, पारावर बसणं. पुण्याच्या कंपनीतल्या माणसाला वर्षातून दोन-तीन महिने सलग शिकायला मिळत नाहीत. तुला मिळतात, 11 वर्षांत तुला जवळजवळ अडीच वर्षं मिळाली होती. मी माझी अशी किती घालवली याचा हिशोब करत नाही. तू तुझी पुढची घालवू नको.

पहिल्या उन्हाळ्यात नागपूरला जा. अमरावती रोडवर वाडीजवळ केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. मूळ संस्था मुंबईची, 1924 ची. नागपूरच्या केंद्रात फिटर, सुपरवायझर आणि जिनिंग चालवणाऱ्यांसाठी थोड्या दिवसांची प्रशिक्षणं होतात. मी 2008 ला गेलो होतो. पंधरा वर्षं जे हातानं करत होतो त्याचं कारण तिथं कळलं: कापूस फार कोरडा झाला की धागा का तुटतो, ओला असला की रेचा का गुंडाळतो, चामड्याच्या रोलरमधलं क्रोम (चामडं कमावायचं रसायन) हा प्रश्न का आहे आणि त्याला पर्याय म्हणून रबर-कापडाचे रोलर कसे आले. प्रमाणपत्र मिळालं ते घरी लावलं, पण खरा फायदा असा झाला की त्यानंतर मी साहेब लोकांशी बोलताना अडखळलो नाही. जाण्याआधी फोन करून तारखा आणि फी विचार, आणि मालकाला सांग की फी तुम्ही भरा. बरेच मालक भरतात, कारण तो खर्च एका बिघडलेल्या दिवसापेक्षा कमी आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारचं एक काम. एकच. जिनिंगला लागून तेलघाणी असते, डाळ मिल असते, सोयाबीनचे प्लांट आहेत. सगळीकडं तेच बेअरिंग, तोच बेल्ट, तोच गिअरबॉक्स, तेच कन्व्हेअर. पांढरकवडा, वणी, हिंगणघाट, पुलगाव या पट्ट्यात असा माणूस बारमाही कामाला लागतो, कारण तुरीचा आणि कापसाचा हंगाम एकामागून एक येतो. तुला गाठीच्या प्रेसचं हायड्रॉलिक नीट येत असेल तर मी तेच पकडायला सांगेन. हायड्रॉलिकवाला फिटर विदर्भात फार कमी आहे, आणि प्रेस बंद पडली की पूर्ण जिनिंग बंद पडते, म्हणून त्याच्यासाठी गाडी पाठवतात.

गावातले काही जण सांगतील की डिप्लोमा करून टाक. आयटीआयवाल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो हे खरं आहे. तू 20-22 चा असतास तर मीच हात धरून नेला असता. 34 व्या वर्षी, दोन लेकरं आणि पाच एकर सांभाळून दोन वर्षं रोज कॉलेजात बसणं, ते मी सांगणार नाही. ते पैसे आणि ती वर्षं वर सांगितलेल्या गोष्टींत घाल.

कागदांचं. इथं आपली माणसं फार मार खातात, म्हणून थोडं थांबतो. नेमणूकपत्र आहे का तुझ्याकडं? बहुतेक नसेल. नवीन कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. माग. भांडून नाही, साध्या शब्दांत माग. त्यावर ‘फिटर’ लिहून घे, ‘हेल्पर’ किंवा ‘मजूर’ नको.

पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) टाकून पासबुक बघ. दर महिन्याला मालकाचा वाटा जमा होतो की पगारातून तुझा कापूनही जमा होत नाही, हे तिथं दिसतं. आणि दर दोन-तीन वर्षांनी लग्नाला, बोअरला पैसे लागले की नोकरी सोडली दाखवून सगळा पीएफ काढायचा, ही आपल्याकडची सवय मोड. पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. पेन्शनचा भाग काढला की तुझी सेवा पुन्हा शून्यावर येते. माझ्यासोबतच्या तिघांनी 25-25 वर्षं काम करून पेन्शन घालवली, प्रत्येक वेळी तीस-चाळीस हजारांसाठी. कर्मचारी पेन्शन योजनेत हंगामी कारखान्याचा एक सीझनही पूर्ण वर्ष धरला जातो, हे बहुतेक फिटरांना माहीत नाही. तुझे 11 सीझन पीएफमध्ये सलग असतील आणि पेन्शनचा भाग काढला नसेल, तर तू पात्र झालेला आहेस.

ग्रॅच्युइटीही तशीच. फक्त सीझनपुरता कामावर असलेल्याला दर सीझनमागे 7 दिवसांचा पगार, बारमाही असलेल्याला दर वर्षामागे 15 दिवसांचा. तू ओव्हरहॉलिंगलाही असतोस. मग तुझी नोंद हंगामी आहे की बारमाही? हजेरीपटावर बघून घे. फरक दुपटीपेक्षा जास्त आहे.

पगार कधी मागायचा? सालगड्याचा करार गुढीपाडव्याला होतो हे आपल्याला पाठ आहे, पण जिनिंगच्या फिटरसाठी पाडवा चुकीचा. तेव्हा सीझन संपत आलेला असतो, मालकाला तुझी गरज नसते. पोळ्याच्या आसपास बोल. ओव्हरहॉलिंग चालू असतं, नवा कापूस महिना-दीड महिन्यावर असतो, आणि दुसरा फिटर शोधायला वेळ नसतो. वही घेऊन जा. ‘त्याला इतका देता, मला का नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नको. ते काढलं की बोलणं त्या पोरावर जातं. असं म्हण: ‘मालक, मागच्या सीझनला रेचे इतके तास बंद होते, त्यातले इतके टाळता येतात, कसे ते इथं लिहिलं आहे. हे मी करतो. मला मेन्टेनन्सची जबाबदारी द्या आणि पगार इतका करा.’ आकडा आधी तूच सांग. गप्प राहिलास तर तो हजार-पाचशे सांगेल आणि तुला मान डोलवावी लागेल.

नाही म्हणाला तर? तर तुला दुसऱ्या जिनिंगचा दर माहीत असला पाहिजे. सीझनमध्ये एक दिवस सुट्टी काढून आजूबाजूच्या दोन प्लांटवर चहाला जा, फिटर लोकांशी बोल. मी स्वतः 2009 ला जिनिंग बदलली. मालकाशी 16 वर्षांचं नातं होतं, त्याच्या बापाच्या मयतीला मी खांदा दिला होता. तरी बदलली. पण सीझनच्या मध्यात नाही सोडलं. मार्चअखेर सोडलं, सगळे सुट्टे भाग मोजून दिले, पुढच्या फिटरला तीन दिवस सोबत घेऊन सगळं दाखवलं. पुढं 2018 ला त्याच मालकानं नव्या प्लांटच्या उभारणीला मला बोलावलं.

चाकणचं सांगतो. तुझा भाऊ प्रेमानं बोलावतो आहे, त्याचा राग नको करू. पण त्याला तीन गोष्टी विचार: कंपनीच्या रोलवर घेणार की ठेकेदाराच्या? फिटर म्हणून घेणार की ऑपरेटर-हेल्पर म्हणून? खोलीचं भाडं, मेस आणि गावाकडं येणं-जाणं काढून महिन्याला हातात काय उरतं? मी गेलो तेव्हा माझा 13 वर्षांचा अनुभव तिथल्या कागदावर एका ओळीत बसला, ‘अकुशल’. रोलवर आणि फिटर म्हणूनच घेत असतील तर जरूर जा, तिथंही माणूस वाढतो. ठेकेदाराच्या हेल्परसाठी 11 सीझनचा हात टाकून जाऊ नको. जवळही बघ. बुटीबोरीला कापडाचे कारखाने आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे, 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्यातून त्याची पायाभरणी झाली, हजार एकरांचा आहे. असे पार्क भरायला वर्षं लागतात, म्हणून त्याच्या भरवशावर नोकरी सोडायची नाही. पण तिथं मेन्टेनन्सची माणसं लागतील तेव्हा तुझ्याकडं प्रमाणपत्र, नेमणूकपत्र आणि वही असावी. ज्यांच्याकडं प्रमाणपत्र नाही त्यांच्यासाठी पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत अनुभवालाच मान्यता देणारी सोय आहे, आयटीआय न झालेल्या तुझ्या सोबत्यांना ते सांग.

बाया-पोरींविषयी एक बोलतो, तू विचारलं नाहीस तरी. कन्व्हेअरवर कवडी (खराब, नीट न फुटलेला कापूस), सुतळी, प्लास्टिक वेचणाऱ्या बाया कापसाचा दर्जा आपल्यापेक्षा लवकर ओळखतात. 2004 ला ज्या टोपल्यावाल्या गेल्या, त्यांना कोणी काही शिकवलं नाही, ही गोष्ट मला आजही खुपते. आता धाग्याची लांबी, मजबुती, मायक्रोनेअर (धाग्याची जाडी-बारीकी) मोजणाऱ्या प्रयोगशाळा वाढताहेत, आणि तिथं बारावी झालेली पोरगी आरामात काम करू शकते. तुझ्या घरात, भावकीत अशी कोणी असेल तर नागपूरला जाताना तिलाही सोबत ने.

शरीराचं लिही म्हणून कोणी सांगत नाही, मी सांगतो. आठवड्याची सुट्टी घेऊन कामावर परतल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते का? खोकला येतो का? तो कापसाच्या धुळीचा आजार असतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुरुवातीला पकडला तर आवरता येतो. तोंडाला दुपट्टा पुरत नाही, चांगला धूळरोधक मास्क लाव. कानात बोळे घाल. मला उजव्या कानानं आता कमी ऐकू येतं. ज्या कानानं मी रेच्याचा आवाज ओळखायचो, तोच गेला. तुझ्या हातात अजून 25 सीझन आहेत.

राहिला आफ्रिकेचा एजंट. काम खरं असू शकतं. आपल्याकडचे रेचे टांझानिया, युगांडासारख्या देशांत जातात आणि ते बसवायला, चालवायला आपली माणसंही जातात. माझ्या ओळखीचे दोघं जाऊन आले, चांगले पैसे आणले. पण परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटकडं सरकारी नोंदणी लागते, ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नाव टाकून तपासता येते. आणि नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. तो दीड लाख मागतो आहे. त्याला एवढंच विचार: नोंदणी क्रमांक काय, तिकडच्या कंपनीचं नाव काय, करार कुठल्या भाषेत आहे, पासपोर्ट कोणाकडं राहील, आणि पैशाची पावती मिळेल का? पावतीचं नाव काढलं की बहुतेक जण फोन उचलत नाहीत. दीड लाख तू कुठून आणणार होतास हे लिहिलं नाहीस. शेत गहाण ठेवून असेल तर नाही, भाऊ. त्या वाटेनं जायचंच असेल तर आधी नागपूरच्या रेचे बनवणाऱ्या कंपन्यांच्या सर्व्हिस विभागात अर्ज दे. त्यांची माणसं बाहेर जातात तेव्हा तिकीट कंपनी काढते.

यंदाचा सीझन चालू आहे, तर वही आजच्या पाळीपासून सुरू कर. महिनाभर लिहून झालं की त्यातल्या चार पानांचे फोटो मला पाठव. रोलरचे दिवस आणि अँपिअर ज्या पानावर आहेत ती पानं पाठव. पोळ्याला मालकासमोर कोणता आकडा ठेवायचा, ते ती पानं बघून आपण दोघं मिळून काढू.